ब्रिटनमध्ये नव्याने आलात? समानता आयोगावर कोण बसतं, तेही बघा

भाड्याचं घर, बँकेचं खातं, डॉक्टरकडची नोंदणी हे सगळं इथली आपली मंडळी पहिल्याच आठवड्यात सांगतील. मी सांगतेय ते सहसा कुणी सांगत नाही.

नोकरीत किंवा घर भाड्याने घेताना वर्ण, राष्ट्रीयत्व, वंश यावरून डावललं, तर 2010 चा समानता कायदा तुमच्या बाजूने आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्याची राखण ‘इक्वॉलिटी अँड ह्युमन राइट्स कमिशन’ करतं. पूर्वी वांशिक समानतेसाठी वेगळा आयोग होता, 1976 च्या कायद्याने आलेला. 2007 मध्ये त्याचं काम या मोठ्या आयोगाकडे गेलं. आयोग प्रत्येकाची केस लढत नाही. कुठल्या प्रकरणात हात घालायचा, कुणाची चौकशी लावायची, याची दिशा आयुक्त ठरवतात. म्हणून त्या खुर्च्यांवर कोण आहे हे तुमच्या-माझ्या कामाचं आहे.

नेमणूक मंत्री करतात. जागांची जाहिरात सरकारच्या सार्वजनिक नेमणुकांच्या संकेतस्थळावर येते, निवड समिती मुलाखती घेते आणि लायक ठरलेल्यांची नावं मंत्र्यांपुढे ठेवते. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला संसदीय समित्यांच्या प्रश्नांनाही तोंड द्यावं लागतं, पण शेवटचा शब्द सरकारचाच. 2025 मध्ये समित्यांनी पाठिंबा दिला नाही, तरी मेरी-अ‍ॅन स्टीव्हन्सन यांची नेमणूक झाली. उमेदवार कुणीही असो, मला ही पद्धत पटत नाही. सरकारलाही जाब विचारणारी संस्था सरकारनेच भरायची, हे कसं? 2020 मध्ये तर आयोगावर एकही कृष्णवर्णीय आयुक्त नव्हता आणि संसदेच्या मानवाधिकार समितीला ते बोलून दाखवावं लागलं.

आपल्यासाठी जातीचा प्रश्नही यातच येतो. जात 2010 च्या समानता कायद्यात स्पष्टपणे घालण्याची तरतूद 2013 मध्ये झाली, पण 2018 मध्ये सरकारने ते करणार नाही असं जाहीर केलं. लंडनमध्ये बाबासाहेब राहिलेलं घर महाराष्ट्र सरकारने घेतलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग या प्रश्नावर गप्प बसून चालणार नाही.

राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे संसदेसाठी मत देता येतं. इथे आल्याआल्या मतदार यादीत नाव घाला. आपल्या भागाच्या खासदाराला नेमणुकांबद्दल पत्र लिहा.

आणि पुढेमागे आयुक्तपदासाठी स्वतः अर्ज करा. आपले लोक अर्जात पदव्या आणि नोकरीची वर्षं भरतात. निवड समितीला हवं असतं तुम्ही काय केलंत ते. ‘समानतेबद्दल आस्था आहे’ यापेक्षा ‘वॉर्डातल्या रात्रपाळ्या कुणाला किती लागतात याचा हिशेब मांडला, तो मॅनेजरपुढे ठेवला आणि पाळ्यांचं वाटप बदलून घेतलं’ हे वाक्य कितीतरी वजनदार. ‘आम्ही केलं’ लिहू नका, ‘मी केलं’ लिहा. संकोच वाटेल, तरी लिहा.

असं काही लिहिण्याजोगं हाताशी हवं, तर मुलांच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळापासून, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळापासून सुरुवात करा. पगार नाही, ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही, मुदत साधारण 4 वर्षांची. कुठल्या मुलांना वर्गातून काढून टाकलं जातंय, शिक्षकांच्या भरतीत कोण मागे पडतंय, याचे आकडे तिथे तुमच्यासमोर येतात आणि मुख्याध्यापकांना प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला असतो. रिकाम्या जागांची चौकशी शाळेच्या कार्यालयात करा, नाहीतर कौन्सिलकडे.