दहा ते तेरा वर्षांच्या वाचकाला पुस्तक देताना

आमच्या ग्रंथालयाच्या बालविभागात नवीन कुणी रुजू झालं की मी पहिल्याच दिवशी एक काम देते. पाचवी ते सातवीच्या कपाटातली दहा पुस्तकं घरी न्या आणि वाचून या. बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करून आलेल्यांनाही हेच सांगते. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याचं वर्गीकरण त्यांना येतंच, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे तोंडपाठ असतं. पण टेबलासमोर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात नेमकं कुठलं पुस्तक ठेवायचं, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी पुस्तक आपण वाचलेलं असावं लागतं.

हे वय अवघड असतं. चित्रांची पातळ पुस्तकं 'बाळांची' वाटायला लागतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. त्यात आता आमच्याकडे येणारी बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली. ती मराठी छान बोलतात, पण वाचताना जोडाक्षरांपाशी अडतात. त्यांना सोपं म्हणून पहिली-दुसरीचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, आणि वयाचं दिलं तर चौथ्या पानावर दम लागतो. अशा मुलाला गोष्ट त्याच्या वयाची, पण प्रकरणं छोटी आणि टाइप मोठा असलेलं पुस्तक शोधून द्यायचं. ते झेपतंय का हे पाहायला मधलं एखादं पान मनात वाचायला सांगा. आईवडिलांसमोर मोठ्याने वाचायला कधीही लावू नका. एकदा माझ्या हातून ते झालं. तो मुलगा कान लाल करून उभा राहिला आणि नंतर कित्येक महिने आलाच नाही. ते मी विसरलेले नाही.

आता देवघेवीच्या टेबलावर काय घडतं ते सांगते. सहावीतला एक मुलगा आणि त्याची आई. आई म्हणाली, "मॅडम, काहीतरी बोध होईल असं द्या. हा अवांतर काही वाचतच नाही." मुलगा बुटाच्या टोकाने फरशी घासत होता. 'तुला काय वाचायला आवडतं?' हा प्रश्न मी आता विचारत नाही. न वाचणाऱ्या मुलाला त्याचं उत्तर देता येत नाही आणि तो आणखी मिटतो. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर असं काय पाहिलंस, की जेवायला हाक आली तरी उठला नाहीस?" त्याने मान वर केली. चोराच्या मागावर असलेल्या पोलिसांची कुठलीतरी मालिका होती. मग तो पाच मिनिटं बोलत होता. आई मध्ये बोलायला लागली, तेव्हा मी तिला हळूच म्हटलं, "ताई, तुम्ही तोवर वर्गणीची पावती करून घेता का?" पालकांना दोन मिनिटं बाजूला नेणं हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

त्याच्यासमोर मी तीन पुस्तकं ठेवली. एक सत्यजित राय यांच्या फेलुदाचं, अशोक जैन यांनी मराठीत आणलेलं. एक भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं. तिसरं प्राण्यांविषयीचं, अगदी वेगळं. पाच-सहा ठेवली तर मुलं गोंधळतात, आणि एकच ठेवलं तर तो गृहपाठ होतो. फेलुदाबद्दल इतकंच सांगितलं, की गुन्ह्याचा शोध लावणाऱ्याची ही हकिकत त्याचा चुलतभाऊ सांगतो, आणि तो साधारण तुझ्याहून थोडाच मोठा आहे. फास्टर फेणेबद्दल सांगितलं, की हा फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला किडकिडीत मुलगा आहे आणि याची सायकल कुठेही पोचते. मग मी तिथून उठून दुसरी पुस्तकं लावायला गेले. मूल पान उलटत असताना आपण समोर उभं राहायचं नाही. त्याने फेलुदा उचललं.

जुनी पुस्तकं देताना एक काळजी घ्या. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मला प्राणाहून प्रिय आहे, पण त्यातलं घर, शाळा, बोलणं आजच्या मुलाला परकं वाटतं. ते थेट हातात न देता आधी एक प्रसंग वाचून दाखवावा. एकदा आवाज कानात बसला की मुलं पुढे स्वतः जातात. कधीकधी जात नाहीत, तेही चालतं. आपल्याला आवडलं म्हणून त्यांनाही आवडायलाच हवं, हा आग्रह मी फार उशिरा सोडला.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं १९३१ सालची. त्यातलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र आपण सगळेच परीक्षेत लिहितो. त्याचा अर्थ मला पुस्तक परत येतं त्या वेळी कळला. तारीख मारताना "आवडलं का?" असं विचारलं की मुलं सवयीने "हो" म्हणतात. "कुठपर्यंत पोचलास?" असं विचारा. अर्धं सोडलं असेल तर चेहरा पडू देऊ नका, कुठे कंटाळा आला ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत नावं नाहीत, फक्त 'सातवी, मुलगी, भुताचं हवं, वर्णन लांबलं की सोडते' अशा ओळी आहेत. पुढचं पुस्तक निवडायला मला त्याच उपयोगी पडतात.

दुःखाच्या पुस्तकांना पालक घाबरतात, आणि नवे सहकारीही. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं तोत्तोचान हे खरं तर आठवणींचं पुस्तक, पण मुलं ते गोष्टीसारखंच वाचतात. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणलं आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि पहिल्याच दिवशी चार तास त्या लहान मुलीचं बोलणं ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी. पण त्यात तिचा एक मित्र जातो, आणि शेवटी युद्धात बॉम्ब पडून शाळा जळते. हे माहीत असल्याशिवाय ते कुणाला देऊ नका, कारण प्रश्न आपल्याकडेच येतो.

पाचवीतली एक मुलगी ते परत करायला आली. टेबलाला टेकून म्हणाली, "ताई, शाळा परत बांधली का त्यांनी?" मी खरं ते सांगितलं, की ती शाळा पुन्हा तशी उभी राहिली नाही. ती बराच वेळ पुस्तकाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अजून असं रडवणारं आहे का?"