प्रस्तरभंगातला खडक ओळखताना या चुका टाळा

प्रस्तरभंग म्हणजे खडक तुटून दोन बाजू एकमेकींवरून सरकल्याची जागा. नकाशावर ती एक रेघ असते. जागेवर मात्र पट्टा सापडतो, कधी वीतभर तर कधी काही किलोमीटर रुंद. त्यातला सगळ्यांत पिचलेला तुकडा उचलून घरी यायचं, ही पहिली चूक. पट्टा आडवा ओलांडा, आणि सुरुवात धडधाकट खडकापासून करा. मूळ खडकच पाहिला नाही, तर बदल कशाशी ताडणार?

सगळ्यांत जास्त घोळ मायलोनाइट या बारीक कणांच्या खडकाचा होतो. 1885 मध्ये भूवैज्ञानिक चार्ल्स लॅपवर्थ यांनी स्कॉटलंडमधल्या मॉइन थ्रस्ट या प्रस्तरभंगावरच्या खडकाला हे नाव दिलं, तेही गिरणीच्या ग्रीक शब्दावरून. खडक दळला गेलाय, असा त्यांचा समज होता. नाव राहिलं, समज गेला. खोलवरच्या उष्णतेत स्फटिक न तुटता ताणले जातात आणि त्यांच्या जागी नवे, बारीक स्फटिक तयार होतात. तेव्हा कण बारीक दिसले म्हणून लगेच ‘चुरा’ लिहू नका. खरा चुरा कॅटाक्लासाइटमध्ये, म्हणजे तुटून चुरडलेल्या खडकात, असतो. खडकाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात लहानमोठे कोनदार तुकडे दिसतात. मायलोनाइटमध्ये क्वार्ट्झ या खनिजाच्या लांबलचक फिती.

एकाच कापात दोन्ही दिसलं, तर निरीक्षण चुकलं असं समजू नका. क्वार्ट्झ साधारण 300 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो, फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाला 450 च्या आसपास तापमान लागतं. मधल्या पट्टीत क्वार्ट्झ वाहतो आणि फेल्डस्पार तडकतो. पाणी आणि विरूपणाचा (खडकाचा आकार बदलण्याचा) वेग यांनुसार हे आकडे सरकतात, म्हणून त्यांना तापमापक समजू नका. दुसरी शक्यता अशी, की खडक वर येताना थंड झाला आणि जुन्या फितींवर नंतर भेगा पडल्या. कोण कुणाला छेदतंय ते पाहा, उत्तर तिथेच मिळतं.

काळी, काचेसारखी शीर दिसली की नवशिके बेसाल्टची भित्ती (भेगेत शिरून गोठलेला लाव्हारस) म्हणून मोकळे होतात. ती स्यूडोटॅकिलाइट असू शकते: भूकंपात काही सेकंदांच्या घर्षणाने खडक वितळतो आणि गोठतो. एका सरळ पृष्ठापासून बाजूला घुसलेल्या बारीक शिरा शोधा. अभ्रक आधी वितळून जातं, क्वार्ट्झचे गोलसर कण मागे राहतात. पण एवढ्यावर भूकंप सिद्ध होत नाही. हे नाव 1916 मध्ये ज्या दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडेफोर्टच्या खडकावरून पडलं, तिथली रचना उल्कापाताची निघाली.

गाउज, म्हणजे प्रस्तरभंगातला मऊ, बारीक भुगा, नुसतं पीठ नव्हे. भेगांतून फिरणारं पाणी फेल्डस्पारची चिकणमाती करतं, आणि त्यामुळे पट्टा आणखी निसरडा होतो. असा नमुना पाण्याने धुऊ नका, हातात चिखल उरेल.

हातोडा मारण्याआधी नमुन्यावर दिशा आणि उतार लिहा. काप ताणाच्या रेघांना समांतर आणि खडकातल्या पापुद्र्यांसारख्या पदरांना काटकोनात घ्या. भलत्याच दिशेने कापलात, तर कोणती बाजू कुठे सरकली हे त्या कापातून कळणार नाही.