जॅझ गिटार शिकताय? या चुका टाळा, वर्षं वाचतील

रॉक झालं, हिंदी गाणी झाली, बार कॉर्ड्स (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या त्या) पक्क्या आहेत, हात बऱ्यापैकी पळतो, आणि आता जॅझकडे वळायचंय, असे बरेच जण भेटतात आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठल्या कॉर्डवर कुठला स्केल वाजवू? मीपण तिथूनच सुरुवात केली होती आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. डोरियन, मिक्सोलिडियन, अल्टर्ड असे सगळे स्केल, सगळं पाच पोझिशनमध्ये पाठ होतं, पण एफमधला साधा ब्लूज वाजवायला घेतला की ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळायचीच नाही. कारण स्केलमध्ये सात स्वर असतात आणि त्यातला आत्ता कुठला महत्त्वाचा हे स्केल सांगत नाही, ते कॉर्ड सांगते.

म्हणून आधी प्रत्येक कॉर्डचा, तिच्या रूटपासून म्हणजे मूळ स्वरापासून मोजून, तिसरा आणि सातवा स्वर शोधा. सी मेजरमधलं टू-फाइव्ह-वन घ्या, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. डी मायनरला चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, हा एफ, आणि तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, हा सी. जी सेव्हन आली की एफ जागेवरच ठेवायचा, फक्त सी एक फ्रेट मागे, झाला बी. मग सी मेजरला बी जागेवर आणि एफ एक फ्रेट मागे, झाला ई. बस. दोन बोटं, एका वेळी एकच हलतंय, आणि तिन्ही कॉर्ड्स स्पष्ट ऐकू येतायत. आठवडाभर सोलोमध्येसुद्धा प्रत्येक बारच्या (चार बीटच्या मापाच्या) पहिल्या बीटवर या दोनपैकीच एक स्वर आणायचा, बाकी काय वाजवायचं ते वाजवा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण पहिल्यांदा माझ्या सोलोत गाणं ऐकू यायला लागलं ते यानेच.

यातूनच दुसरी चूक पण सुटते, सहाही तारांच्या भरगच्च कॉर्ड्स वाजवायची. एकट्याने घरी वाजवताना त्या छान वाटतात, पण सोबत बास असेल तर खालचा रूट तो वाजवतोच आहे, तुम्ही पुन्हा तोच दाबलात की नुसता चिखल होतो. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत ऱ्हिदम गिटार वाजवत होते, पन्नास वर्षं, सोलो जवळजवळ नाहीच, आणि कॉर्डमधले दोन-तीन स्वर, कित्येकदा तर ऐकू येणारा एकच, बारला चार बीट. एवढ्या मोठ्या ब्रास सेक्शनखाली ती गिटार वेगळी काढून ऐकायला कान द्यावा लागतो, पण अख्खा बँड चालतो तो त्या बीटवर. मला हे वादन आजही कुठल्याही फास्ट सोलोपेक्षा जास्त शिकवतं.

आता लय. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते आणि कोणी ती चूक म्हणून मोजतच नाही. आपल्या कानाला समेवर वजन द्यायची सवय, भजनात टाळी पडते तीपण तिथेच, आणि ती सवय घेऊन आपण स्विंग वाजवायला बसतो जिथे वजन दोन आणि चारवर आहे. उपाय साधा आहे, मेट्रोनोम ६० वर लावा आणि प्रत्येक टिक ही दोन आणि चार आहे असं धरून मोजा, म्हणजे खरा टेंपो झाला १२०. पहिले काही दिवस टिक आपोआप एकवर सरकेल, चिडू नका, गिटार खाली ठेवून नुसतं तोंडाने मोजा, चालत चालत चुटकी वाजवा, आणि जमलं की मगच गिटार उचला. पुढे फक्त चारवर टिक ठेवून बघा, आपण कुठे धावतो ते लगेच कळतं. (मी सोपी फ्रेज, म्हणजे सुरांचा एक तुकडा, संपली की धावायचो, अवघड फ्रेजमध्ये नाही, हे रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा समजलं.) आणि स्विंग म्हणजे प्रत्येक टेंपोला लांब-आखूड, लांब-आखूड असं शफल करत राहणं नाही, टेंपो वाढत जातो तसे ते एट्थ नोट्स जवळजवळ सरळ होत जातात.

टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं) डाउनलोड करून सोलो बसवणं टाळाच. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांनी त्यांच्या आधीच्या गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे सोलो रेकॉर्डवरून कानाने बसवले होते, आणि चार्ली ख्रिश्चन स्वतः १९३९ ला बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि १९४२ ला पंचविसाव्या वर्षी गेला, एवढ्या थोड्या काळात त्याने जे वाजवलं त्यावर पुढची पिढी शिकली. आपल्याकडे कलकत्त्यात गिटारवादक कार्ल्टन किट्टो आयुष्यभर बीबॉप, म्हणजे चाळीसच्या दशकातला वेगवान जॅझ, वाजवत आणि शिकवत राहिले, मुळात हीच परंपरा. तर चारच बार घ्या, जमल्यास ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनचे, आधी गाता येईपर्यंत ऐका, मगच गिटारवर शोधा. हॉर्नवाल्याला श्वास घ्यावा लागतो म्हणून त्याची फ्रेज संपते, आपल्याला लागत नाही म्हणून आपण थांबतच नाही. वाजवताना हळूहळू श्वास सोडा आणि तो संपला की फ्रेज पण संपवा, किती फरक पडतो बघा.

फॉर्म हरवणं, म्हणजे गाण्याच्या रचनेत आपण कुठे आहोत तेच न कळणं, ही तक्रार सगळ्यांची. आवर्तनाचं भान असलेल्या माणसाला हे खरं तर लवकर जमायला हवं, पण आवर्तन इथे बत्तीस बारचं असतं आणि त्यात एक खड्डा आहे. ए-ए-बी-ए फॉर्ममध्ये (ए आणि बी हे गाण्याचे आठ-आठ बारचे भाग) शेवटचा ए संपून कोरस, म्हणजे ते अख्खं आवर्तन, पुन्हा सुरू झाला की सलग तीन ए येतात, आणि आपण कितव्या ए मध्ये आहोत हेच कळत नाही, मग बी एक तर लवकर वाजतो नाहीतर राहूनच जातो. आकडे मोजून हे सुटत नाही, सोलोभर मनात मूळ चाल गुणगुणत राहा. तरी हरवलात तर वाजवणं थांबवा, दोन बार गप्प बसा, बास ऐका, ड्रमर बहुतेक वेळा नवा भाग येताना काहीतरी खूण देतोच. अंदाजाने वाजवत राहिलात की सोबतचेसुद्धा हरवतात, माझ्यामुळे एकदा चौघे हरवलेत.

आवाजाबद्दल थोडक्यात. महागडी होलो बॉडी (आतून पोकळ) गिटार नाही म्हणून थांबू नका, गिटारवादक एड बिकर्ट यांनी टेलिकास्टर या भरीव गिटारवर काय सुंदर जॅझ वाजवलंय. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) घ्या, पण टोनचं बटण शून्यावर नेऊ नका, घरी ऊबदार वाटणारा तो आवाज बँडमध्ये ऐकूच येत नाही. जाड तारा, शक्य असेल तर फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत गुंडाळलेल्या), आणि अँपचा बास थोडा कमी.

जॅमला (आयत्या वेळी जमून एकत्र वाजवायला) जाण्याआधी एवढं बघा, की तुम्हाला बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅटमध्ये वाजवता येतं का. आपले लाडके ई आणि ए हे सॅक्सोफोनवाल्याला नकोसे असतात. सुरुवातीचा एक-दोन-तीन-चार असा काउंट देण्याआधी गाण्याची पहिली ओळ मनात म्हणा, नाहीतर टेंपो दरवेळी हवा त्यापेक्षा फास्टच सुटतो. पियानोवाला असेल तर दोघांनी एकाच वेळी कॉम्पिंग (कॉर्ड्सनी साथ) करायचं नाही, कोण कधी थांबणार ते आधीच बोलून घ्या. गिटारवादक जिम हॉल आणि पियानोवादक बिल एव्हन्स यांचं १९६२ चं डुएट रेकॉर्डिंग ऐका, बास नाही, ड्रम्स नाहीत, आणि तरी दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. आणि बास सोलो सुरू झाला की व्हॉल्यूम खाली घ्या, दोन स्वरांच्या कॉर्ड्स, त्यापण मोजक्याच, बारच्या सुरुवातीला वाट दाखवण्यापुरत्या, कारण बासवाल्याला आत्ता तुमच्या गिटारमधून फॉर्म ऐकू यायला हवा, एवढंच काम आहे तुमचं.