सांदवाडीत (घरामागच्या परसात) गाणारे पक्षी यावेत यासाठी

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नाले-डबकी आटतात, तेव्हा पक्ष्यांना दाण्यापेक्षा पाण्याची गरज अधिक असते. त्यामुळे सांदवाडीत सावलीत मातीचे परळ ठेवावे, मात्र त्यातील पाणी दोन बोटांहून खोल नसावे, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे बुलबुल व चिमणी न घसरता उतरून अंघोळ करू शकतात. परळ झुडपाला अगदी चिकटून ठेवू नये, कारण मांजर तिथेच दबा धरते. चार-पाच हात अंतर पुरेसे आहे. पाणी रोज बदलावे आणि परळ घासून घ्यावे. कपाशीच्या फवारणीत वापरलेले भांडे कितीही धुतलेले असले तरी या कामी घेऊ नये.

ज्वारीचे दाणे चिमण्यांना चालतात, पण दयाळ मुख्यतः किडे खातो, म्हणून त्याच्यासाठी कोपऱ्यातला पालापाचोळा झाडून जाळू नये. अंगण लख्ख ठेवण्याचा आपला हट्ट इथे थोडा आवरावा लागतो. जास्वंदीच्या फुलांवर शिंजीर हा मध पिणारा इवला पक्षी येतो.

पहाटे उजाडताच खाटेवर स्थिर बसून पाहावे. शेंड्यावर शेपटी उभारून गाणारा काळा-पांढरा पक्षी दयाळाचा नर असतो. मादीच्या अंगावर काळ्याऐवजी राखाडी छटा असते. घरटे दिसले तरी त्याच्या जवळ जाऊ नये.