‘टू हीरोज’ घरातील मोठ्यांना कसा दाखवावा

‘माय हीरो अकॅडेमिया’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचे नाव मुलांच्या तोंडी सतत असले तरी ज्यांनी मालिका कधी पाहिलेली नाही, अशा आई-बाबांना आणि आजोबांना तिचा चित्रपट दाखवायचा असेल, तर थोडी पूर्वतयारी करावी लागते. कोहेई होरिकोशी यांच्या मंगा (जपानी चित्रकथा) मालिकेवर आतापर्यंत चार चित्रपट आले असून २०१८ सालचा ‘टू हीरोज’ हा त्यांतील पहिला आहे. सुरुवात त्यानेच करावी. २०१९ चा ‘हीरोज रायझिंग’ अधिक थरारक आहे, हे मान्य. परंतु त्यात नायक घडवणाऱ्या शाळेतील एका वर्गाची सगळीच मुले एकदम मैदानात उतरत असल्याने नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. २०२४ चा ‘यू आर नेक्स्ट’ तर मूळ कथेतील युद्धाच्या काळात घडतो, त्यामुळे तो पहिल्यांदा लावणे म्हणजे पाहुण्याला भांडणाच्या मध्यावर घरात बोलावण्यासारखे आहे.

चित्रपटाच्या एक-दोन दिवस आधी मालिकेचे पहिले चार भाग दाखवावेत. त्यांना साधारण दीड तास लागतो. जिथे बहुतेक माणसे ‘क्वर्क’ नावाची विशेष शक्ती घेऊन जन्मतात, त्या जगात इझुकू मिदोरिया शक्तीविना जन्मलेला आहे आणि त्याचा आदर्श असलेला ऑल माइट त्याला आपली शक्ती वारसा म्हणून देतो, हे या भागांत कळते. ती शक्ती आयती मिळत नाही. ऑल माइट आधी दहा महिने त्याच्याकडून समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उपसून घेतो, कारण कमकुवत शरीराला ती पेलणार नाही. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावातील, म्हणजे कोल्हापूरच्या आजोबांना हे वेगळे समजावण्याची गरज पडत नाही. तालमीतला वस्ताद जोर-बैठका पक्क्या झाल्याशिवाय डाव शिकवत नाही, हे त्यांनी पाहिलेले असते.

चित्रपट मालिकेच्या दुसऱ्या पर्वानंतर घडतो. ते पर्व पाहण्याइतका वेळ कोणाकडे नसतो, म्हणून दोनच गोष्टी तोंडी सांगाव्यात: जुन्या जखमेमुळे ऑल माइटला दिवसातील मर्यादित वेळच बलदंड रूप टिकवता येते, आणि ही गोष्ट जगापासून लपवलेली आहे. मिदोरियाच्या वर्गातला बाकुगो का ओरडतो, त्याच वर्गातल्या तोदोरोकीच्या चेहऱ्यावर डाग कशाचा, हे प्रश्न आलेच तर एका वाक्यात उत्तर द्यावे. चित्रपट जिथे घडतो, त्या आय-आयलंड या शास्त्रज्ञांच्या कृत्रिम बेटावर पुढे काय होते, ते मात्र सांगू नये. विशेषतः ऑल माइटचा जुना मित्र डेव्हिड शील्ड याच्याविषयी गप्प राहावे. मुलांना हे सर्वांत जड जाते.

भाषा आधीच ठरवावी. मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी उपशीर्षके ठेवल्यास आजोबांची दमछाक होण्याची शक्यता अधिक, त्यामुळे आपल्या ओटीटीवर हिंदी आवाज उपलब्ध आहे का, ते तपासावे. प्रोजेक्टर वापरत असाल, तर मागे बसणाऱ्यालाही खालची ओळ वाचता येईल इतका पडदा वर बांधावा. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने चित्रपट आधीच डाउनलोड करून लॅपटॉप चार्ज करून ठेवलेला बरा. पेठेतल्या तालीम मंडळाच्या सभागृहात लोकांना बोलावून दाखवायचा बेत असेल, तर हक्कधारकाचा परवाना लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते सार्वजनिक प्रदर्शन ठरते आणि घरगुती वर्गणी त्यासाठी चालत नाही.

चित्रपट ९६ मिनिटांचा आहे, त्यामुळे मध्यंतराची फारशी गरज नाही. पहिला भाग मेजवानी आणि ओळखीपाळखीत थोडा रेंगाळतो. तेथे मोठ्यांचे लक्ष मेलिसाकडे वेधावे. डेव्हिडची ही मुलगी मिदोरियासारखीच शक्तीविना जन्मलेली आहे, पण तिने नायकांसाठी उपकरणे घडवण्याचा मार्ग धरला आहे. पूर्ण ताकदीचे तीन ठोसे सहन करू शकणारे हातातले उपकरण ती मिदोरियाला देते. हा तीनचा आकडा लक्षात असला की शेवटच्या लढाईतील ताण आपोआप कळतो.

आवडला, तर लगेच दुसरा चित्रपट लावू नये. पहिली दोन पर्वे सवडीने पाहून तिसऱ्याकडे वळावे. आय-आयलंडच्या भेटीनंतरचे मुलांचे प्रशिक्षण शिबिर तिथेच आहे.