लॅटिन विभक्ती: आधी मराठी ‘ला’ची गाठ सोडवा

संस्कृतच्या आठ विभक्ती घोकलेल्यांना लॅटिनच्या सहा किरकोळ वाटतात. पाठांतर होतंही पटकन. पाय अडकतो तो मराठीच्या ‘ला’त.

‘शेतकरी मुलीला पाहतो’ आणि ‘शेतकरी मुलीला गुलाब देतो’, दोन्हीकडे आपण ‘मुलीला’च म्हणतो. लॅटिनमध्ये पहिलं ‘अग्रिकोला पुएल्लम् विदेत’, द्वितीया. दुसरं ‘अग्रिकोला पुएल्लाय रोसम् दत’, चतुर्थी. कोणती लावायची? माणसाच्या जागी निर्जीव वस्तू घालून बघा. ‘शेतकरी गुलाब पाहतो’: ‘ला’ गळला, म्हणजे द्वितीया. ‘शेतकरी झाडाला पाणी देतो’: ‘ला’ चिकटून राहिला, म्हणजे चतुर्थी. काही क्रियापदं ही कसोटी जुमानत नाहीत. ‘क्रेदो’ (विश्वास ठेवणे) चतुर्थीच घेतं. अशी क्रियापदं विभक्तीसकट पाठ करावीत.

‘त’चंही तेच. रानात राहतो, रानात जातो. आपल्याला फरक पडत नाही. लॅटिनला पडतो: राहायचं तर ‘इन सिल्वा’ (शेवटचा आ दीर्घ), शिरायचं तर ‘इन सिल्वम्’.

हे दीर्घ रूप ॲब्लेटिव्हचं. तृतीया, पंचमी आणि बहुतेक सप्तमी या एकट्याच्या पदरात पडल्या आहेत. तलवारीने म्हणजे नुसतं ‘ग्लादिओ’. मित्राबरोबर म्हणजे ‘कुम् अमीको’. साधनाला ‘कुम्’ लावू नका, नाहीतर तलवार सोबतीला निघते.

कोशात नामाची दोन रूपं असतात: ‘रेक्स, रेगिस’, राजा. दुसरं षष्ठीचं, आणि खरं कामाचं तेच. ‘इस’ काढलं की उरलेलं ‘रेग्’ हे आपल्या सामान्यरूपासारखं. पुढचे प्रत्यय त्यालाच: रेगेम, रेगी, रेगे. नुसतं ‘रेक्स’ पाठ केलंत तर पुढचं एकही रूप जुळणार नाही. षष्ठीचा शेवट नामाचा गटही सांगतो: आय, ई, इस, ऊस, एई असे पाच.

नपुंसकलिंगाला मात्र ‘फलम्, फलानि’ची सवय उपयोगी पडते, तिथे प्रथमा-द्वितीया एकच, अनेकवचनाचा शेवट ‘आ’.

शब्दांची वही देवनागरीत ठेवा. छापील रोमन मजकुरात बहुधा ऱ्हस्व-दीर्घाची खूण नसते, त्यामुळे ‘मलुम’ (वाईट) आणि ‘मालुम’ (सफरचंद) अगदी सारखे दिसतात. देवनागरीत तो एक काना डोळ्यांना दिसतो.