बडोद्यात राहून सिक्युरिटी कन्सल्टंट व्हायचंय? आधी गेटवर उभे रहा

ह्या लाईनमधे फक्त रिटायर्ड फौजी नाहीतर पोलीसवालेच चालतात, असं दांडिया बाजारातला कुठलाही काका सांगेल. अर्धंच खरंय ते. मोठ्या कंपन्यांचे सिक्युरिटी हेड बरेचदा वर्दीतूनच आलेले असतात, पण कन्सल्टंटचे पैसे मिळतात ते कंपनीत चोरी-धोका कुठे आहे हे बघण्याचे आणि बघितलेलं नीट लिहून देण्याचे, आणि ते बीकॉमवाल्यालाही जमतं, उलट स्टॉक आणि बिलं कळत असतील तर जरा जास्तच जमतं.

आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा. मकरपुरा जीआयडीसी, हालोल, नंदेसरी, आसपासच्या कुठल्याही कारखान्यांच्या पट्ट्यात चालेल, सिक्युरिटी नाही मिळाली तर स्टोअर किंवा डिस्पॅच धरा. नंदेसरीसारख्या केमिकल पट्ट्यात मिळाली तर बेस्टच, तिथे चोरीपेक्षा गळतीची धास्ती मोठी, आणि 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत येणाऱ्या कारखान्याला इमर्जन्सी प्लॅन ठेवावा लागतो, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताची रंगीत तालीम पण. ती ड्रिल खरी होते की नुसते फोटो काढतात, एवढं बघितलंत तरी खूप शिकाल.

आता गेटवर काय बघायचं. भंगाराची गाडी रिकामी येते तेव्हा वजनकाट्यावर उभी करतात ना, तेव्हा आत दगड किंवा दोन माणसं जास्त असली की रिकामं वजन वाढतं, मग आत जाऊन ते उतरवायचं, माल भरायचा, आणि बाहेर जाताना कागदावर भंगार कमी दिसतं. मालकाला पत्ताच नाही, कॅमेरा तर काट्यावरच लावलेला असतो! म्हणून गाडीच्या मागे आतपर्यंत चालत जा. गेटपासचं रजिस्टर उघडा, आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात असतील तर त्या संध्याकाळी बसून भरल्यात हे समजून जा. आणि शिफ्ट बदलताना जा, सकाळी अकराला सगळे शहाणेच असतात.

रिपोर्ट छोटा ठेवा: काय दिसलं, त्याने किती नुकसान होऊ शकतं, कोणी कधीपर्यंत सुधारायचं. बरेच जण फक्त चोरीच लिहितात. ऑगस्ट 2024 मधे विश्वामित्री नदी शहरात शिरली, मग जनरेटर तळघरात का आहे, कामगार दोन दिवस येऊ शकले नाहीत तर काय, हे पण रिस्कच आहे की.

शिक्षणाचं म्हणाल तर गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा युनिव्हर्सिटी आहे, आणि एसिस (ASIS) ह्या सिक्युरिटीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सर्टिफिकेट जगभर चालतात, नवख्यांनी त्यातलं पहिल्या पायरीचं एपीपी बघावं, वरच्या सीपीपीला बऱ्याच वर्षांचा अनुभव लागतो. रिस्क कशी सांभाळायची ह्यावरचं आयएसओ 31000 वाचाच, पण ते नुसती गाईडलाईन आहे, तुमच्या कंपनीला त्याचं सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

गार्ड पुरवायच्या नादी लागू नका. त्याला 2005 च्या पसारा (PSARA) म्हणजे खाजगी सिक्युरिटी एजन्सींच्या कायद्याचं लायसन्स लागतं ते सोडाच, पण जो गार्ड आणि कॅमेरे विकतो त्याच्या प्रत्येक रिपोर्टमधे गार्ड आणि कॅमेरेच कमी पडतात, हे शेठला पण कळतं.

पहिलं काम ओळखीतूनच येणार, फी कमी घ्या पण घ्या, फुकट दिलेला रिपोर्ट कोणी उघडतसुद्धा नाही. आणि तो थेट मालकाच्या हातात द्या, ज्याच्या गेटबद्दल लिहिलंय त्या मॅनेजरच्या नाही.